हस्तातील दोन दीर्घिका : एका छायाचित्राचे परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, चित्रपटाचेही होते. विज्ञानाच्या छायाचित्राचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. ते मासिकातून कापले जाते, पुठ्ठ्यावर चिकटवले जाते, विज्ञानदिनाला प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागते आणि ‘किती सुंदर!’ एवढ्या शेऱ्यावर त्याची सुटका होते. वास्तविक वर्गात ऐकलेल्या वाक्यांपेक्षा भिंतीवरचे चित्र विद्यार्थ्याच्या लक्षात अधिक काळ राहते. तेव्हा त्या चित्रात काय दिसते, काय दिसत नाही आणि त्याखालच्या दोन ओळी काय सांगतात, हे तपासण्याची जबाबदारी शिक्षकावरच येते. या लेखात आम्ही असेच एक गाजलेले छायाचित्र तपासायला घेतले आहे. ते आहे हबल दुर्बिणीने टिपलेल्या ‘अँटेना’ नावाच्या दीर्घिकांच्या जोडीचे.

या जोडीतील दीर्घिकांचे यादीतील क्रमांक एनजीसी ४०३८ आणि एनजीसी ४०३९. विल्यम हर्शेल यांनी त्या १७८५ मध्ये प्रथम पाहिल्या. आकाशातील त्यांची जागा आपल्या परिचयाची आहे. ज्या नक्षत्रात सूर्य आला की आपल्याकडे हादगा बसतो, त्या हस्त नक्षत्राच्या पंजाजवळच त्या आहेत. अर्थात त्या दिवसांत हस्त सूर्याबरोबरच उगवतो आणि मावळतो. तो पाहायचा तर उन्हाळ्यात. पनवेलचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आणि या दीर्घिकांची क्रांती सुमारे १९ अंश दक्षिण. म्हणजे याम्योत्तर वृत्तावर येताना त्या क्षितिजापासून ९० − १९ − १९ = ५२ अंश उंचीवर असतात. एप्रिलच्या मध्यावर रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की ही जागा दाखवता येते. दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत. त्यासाठी चांगली दुर्बीण आणि पनवेलपेक्षा पुष्कळ काळोखे आकाश लागेल. पण चित्रातली वस्तू कोणत्या दिशेला आहे हे बोटाने दाखवता येणे हीसुद्धा वर्गाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

या जोडीचे अंतर सुमारे सात कोटी प्रकाशवर्षे. कर्नाळ्याचा सुळका आणि प्रबळगड ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, तो पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झाला. म्हणजे चित्रातला प्रकाश तिथून निघाला तेव्हा आपला सह्याद्री अजून घडायचा होता.

जमेची बाजू

प्रथम या छायाचित्राचे ऋण मान्य केले पाहिजे. आपल्या आकाशगंगेभोवती सुमारे दीडशे गोलाकार तारकागुच्छ आहेत. प्रत्येकात हजारो ते लाखो तारे दाटीवाटीने बसलेले असतात आणि त्यांतील बहुतेकांचे वय दहा अब्ज वर्षांहून अधिक आहे. त्यामुळे असे भरगच्च गुच्छ विश्वाच्या बालपणातच जन्मले, आता तसे काही घडत नाही, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने ती हलवली. १९९५ मध्ये ब्रॅडली व्हिटमोर आणि फ्रँस्वा श्वाइत्सर यांनी अँटेना दीर्घिकांत शेकडो तरुण, तेजस्वी आणि आटोपशीर गुच्छ दाखवून दिले. ऑक्टोबर १९९७ मध्ये नव्या कॅमेऱ्याने घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा ही संख्या हजारावर गेली. ऑक्टोबर २००६ मध्ये आणखी रेखीव छायाचित्र आले. आज भिंतींवर आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दिसते ते बहुधा हेच.

त्यात निळे ठिपके दिसतात, ते तरुण ताऱ्यांचे गुच्छ. गुलाबी डाग म्हणजे त्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी उजळलेला हायड्रोजन. तपकिरी पट्टे म्हणजे धूळ. पिवळसर भाग दोन्ही दीर्घिकांचे जुने गाभे. गुच्छांचा जन्म ही आजही चालू असलेली घटना आहे, एवढे एक सत्य हे चित्र निर्विवादपणे सांगते. आठवीच्या सामान्य विज्ञानातील ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हा पाठ शिकवताना आंतरतारकीय मेघ एखाद्या विक्षोभामुळे आकुंचन पावू लागतो असे आपण सांगतो. हा विक्षोभ म्हणजे नेमके काय, असे एखाद्या चौकस मुलीने विचारले तर तिला दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आमच्या तक्रारी आहेत त्या यापुढच्या.

टक्कर कोणाची?

पहिली तक्रार चित्राखालच्या शब्दाबद्दल आहे. ‘दोन दीर्घिकांची टक्कर’ हे शब्द वाचून मुलाच्या डोळ्यांसमोर काय येईल? मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा असे दोन महामार्ग ज्या पनवेलच्या अंगणातून जातात, तिथल्या मुलाला टक्कर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तारे ताऱ्यांवर आदळले, ठिणग्या उडाल्या आणि त्या ठिणग्यांचे नवे तारे झाले, असे तो समजून चालतो. चित्रातले निळे ठिपके या समजुतीला पाठिंबाच देतात. प्रदर्शनातील तक्त्यांवर या आशयाची वाक्ये आम्ही वाचली आहेत.

ही समजूत आकडेमोडीने दूर करता येते, आणि ती सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला झेपणारी आहे. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. मित्र हा आपल्या शेजारचा सूर्यासारखा तारा ४.४ प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे ४१ लाख कोटी किलोमीटर दूर. भागाकार केला तर हे अंतर सूर्याच्या व्यासाच्या जवळपास तीन कोटी पट भरते. सूर्य साडेसात मिलिमीटरच्या वाटाण्याएवढा मानला, तर पुढचा वाटाणा सुमारे २२० किलोमीटरवर येईल. पनवेलला एक वाटाणा आणि सरळ रेषेत रत्नागिरीला दुसरा! अशा वाटाण्यांचे दोन थवे एकमेकांतून गेले, तर वाटाण्यावर वाटाणा आपटण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

आता दीर्घिकांचे पाहू. आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आणि शेजारच्या देवयानी दीर्घिकेचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे. हे गुणोत्तर फक्त २५. आकाशगंगा एक फूट व्यासाच्या ताटाएवढी मानली, तर देवयानीचे ताट पंचवीस फुटांवर, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला येते. ताऱ्यांच्या मानाने दीर्घिका फारच दाटीने राहतात. म्हणून दीर्घिका एकमेकींना भिडतात, पण त्यांतले तारे भिडत नाहीत. हे एकच वाक्य चित्राखाली लिहिले तरी निम्मा गैरसमज जाईल.

मग टक्कर होते ती कोणाची? वायूची. ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी वाटली तरी तिथे विरळ वायू आणि धूळ पसरलेली असते. कित्येक प्रकाशवर्षे रुंदीचे मेघ त्यात असतात. हे मेघ वाटाण्यांसारखे सुटे नाहीत. त्यांना एकमेकांतून आरपार जाता येत नाही. दोन दीर्घिकांचे मेघ सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने समोरासमोर आले की वायू दबतो, तापतो, प्रारणाने उष्णता गमावतो आणि आणखी दाट होतो. मेघाच्या आतल्या दाबापेक्षा त्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण वरचढ ठरले की तो कोसळू लागतो आणि त्याचे तुकडे पडून तारे जन्मतात. दुसरी वाट गुरुत्वाकर्षणाची. शेजारणीच्या ओढीने दीर्घिकेचा आकार बिघडतो, वायूचा कोनीय संवेग कमी होतो आणि तो गाभ्याकडे घरंगळतो. तिथे साचलेल्या वायूतही ताऱ्यांचे पीक येते. म्हणून ‘टक्कर’ हा शब्द टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. वायूला तो चपखल बसतो. फक्त ‘मेघांची’ हा शब्द त्याच्यामागे हवा.

जे सर्वांत महत्त्वाचे तेच काळोखात

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. नवे तारे सर्वांत जोमाने कोठे जन्मत आहेत असे विचारले, तर या चित्राकडे पाहून कोणीही निळ्या ठिपक्यांवर बोट ठेवील. ते उत्तर अपुरे आहे.

१९९८ मध्ये फेलिक्स मिराबेल आणि सहकाऱ्यांनी युरोपच्या आयएसओ या अवरक्त अवकाश-दुर्बिणीची या जोडीवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. सर्वांत तीव्र तारकाजन्म दोन गाभ्यांच्या मधल्या, दीर्घिका एकमेकींवर आल्या आहेत त्या पट्ट्यात चालू असल्याचे त्यांना आढळले. दृश्य प्रकाशात हाच पट्टा धुळीमुळे काळपट-तपकिरी दिसतो. त्यातल्या एका लहानशा ठिकाणाहून या जोडीचे सुमारे १५ टक्के मध्य-अवरक्त प्रारण येते, आणि हबलच्या चित्रात त्या ठिकाणी डोळा क्षणभरही थांबत नाही! धूळ ताऱ्यांचा प्रकाश गिळते, स्वतः तापते आणि ती ऊर्जा अवरक्त रूपाने बाहेर टाकते. म्हणून एका डोळ्याला जो काळोख, तो दुसऱ्या डोळ्याला झगझगाट.

पुढे चिलीतील अटाकामा वाळवंटातल्या अल्मा या दुर्बिणींच्या समूहाने ३ ऑक्टोबर २०११ रोजी आपले पहिले चित्र जगापुढे ठेवले, तेही याच जोडीचे. त्यात ताऱ्यांऐवजी थंड वायू दिसतो, म्हणजे ज्यातून तारे व्हायचे तो कच्चा माल. तो गाभ्यांत आहे आणि मधल्या पट्ट्यातही भरपूर आहे. २०१५ मध्ये केल्सी जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी अल्माच्याच साहाय्याने याच पट्ट्यातील एका विलक्षण मेघाचे वर्णन केले. त्याचे वस्तुमान कित्येक लक्ष सूर्यांएवढे आहे, पण त्यात ताऱ्यांचा मागमूस नाही. त्याच्याभोवतीचा दाब मात्र नेहमीच्या आंतरतारकीय दाबाच्या सुमारे दहा हजार पट आहे. गोलाकार गुच्छाची ही जन्मापूर्वीची अवस्था असावी.

हा दाबाचा आकडा साधा नव्हे. दीर्घिकांच्या भेटीत गुच्छच का जन्मतात याचे उत्तर त्यात आहे. एरवी एखादा मेघ आकुंचन पावला तर त्यातला थोडाच वायू ताऱ्यांत रूपांतरित होतो. पहिले तेजस्वी तारे पेटताच त्यांचे प्रारण आणि वारे उरलेला वायू उधळून देतात. वायू गेला की त्याचे गुरुत्वाकर्षणही गेले. मग तारे एकमेकांना धरून राहू शकत नाहीत. बाहेरून प्रचंड दाब असला, तर मेघ आधीच इतका दाट होतो की उधळण सुरू होण्यापूर्वी बराच वायू ताऱ्यांत बांधला जातो. असा गुच्छ टिकण्याची आशा अधिक. हे सारे घडते ते तपकिरी भागात, आणि शिक्षकाने पट्टी ठेवायची तीही त्या भागावर.

कापलेल्या शेपट्या, गोठलेला काळ

तिसरी तक्रार चौकटीबद्दल. या जोडीला ‘अँटेना’ हे नाव पडले ते तिच्यातून निघालेल्या, कीटकाच्या मिशांसारख्या दोन लांब वक्र शेपट्यांमुळे. टोकापासून टोकापर्यंत त्या चार-पाच लाख प्रकाशवर्षे पसरल्या आहेत. २००६ च्या चित्रात त्या नाहीतच, कारण हबलच्या कॅमेऱ्याचे क्षेत्र लहान आहे. १९९७ मध्ये शेजारी जमिनीवरील दुर्बिणीचे चित्र देऊन शेपट्या दाखवल्या होत्या. पुढे देखणे चित्र राहिले आणि शेजारचे चित्र गळाले. ज्या अवयवावरून नाव पडले तोच नसलेले चित्र विद्यार्थ्यासमोर येते.

शेपट्या म्हणजे या घटनेचा लेखी पुरावा. १९७२ मध्ये अलार आणि युरी टूम्रे या बंधूंनी संगणकावर दोन दीर्घिकांची भेट घडवून आणली आणि केवळ गुरुत्वाकर्षणाने अशा शेपट्या निघतात हे दाखवले. अँटेनाची जोडी त्यांनी हुबेहूब उभी केली. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, त्याच तत्त्वाने शेजारीण दीर्घिकेच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंना कमी-अधिक ओढते आणि तारे व वायू लांबवर फेकले जातात. अशा भेटीमुळे गाभ्याकडे वायूचा नवा पुरवठा होऊ शकेल, हेही त्यांनी त्याच लेखात सुचवले होते.

शेपट्या दिसल्या की काळही दिसतो. सेकंदाला ३०० किलोमीटर हा वेग प्रकाशाच्या वेगाचा हजारावा भाग. या वेगाने एक लाख प्रकाशवर्षे ओलांडायला दहा कोटी वर्षे लागतात. म्हणजे ही भेट कोट्यवधी वर्षे चाललेली आहे, आणि चित्रातले सर्वांत तेजस्वी गुच्छ मात्र एक कोटी वर्षांहूनही लहान आहेत. जुन्या भेटीतले आणि कालच्या घटकेतले असे दोन्ही एकाच कागदावर छापलेले आहे.

गोठलेल्या काळाचा आणखी एक तोटा होतो. सारे गुच्छ जन्मले आणि कायमचे राहिले असे चित्र पाहून वाटते. गुच्छांची वये मोजून खगोलशास्त्रज्ञ वेगळेच सांगतात. पहिल्या एक कोटी वर्षांनंतर साधारण दहा टक्केच गुच्छ शिल्लक राहतात. बाकीच्यांतले तारे मरत नाहीत. दहावीची तुकडी निकालानंतर पांगावी तसे ते दीर्घिकेत विखुरतात. अखेरीस सर्वांत जड असे शंभरेक गुच्छच आपल्याकडच्या गोलाकार गुच्छांसारखे दीर्घायुषी ठरतील असा अंदाज आहे.

एका उदाहरणावरून नियम

चौथी तक्रार चित्रापेक्षा आपल्या वापराबद्दल अधिक आहे. अँटेना हे ठळक उदाहरण आहे, म्हणून ते सर्वत्र दिसते. पण त्यावरून ‘दीर्घिका भिडल्या की गुच्छ जन्मतात’ असा नियम करता येत नाही. वायू जवळजवळ संपलेल्या दोन लंबवर्तुळाकार दीर्घिका एकत्र आल्या, तर जुने तारे मिसळतात आणि नवा जन्म फारसा होत नाही. चुलीत लाकूडच नसेल तर फुंकून काय उपयोग? म्हणून पहिला प्रश्न वायू किती आणि कोठे आहे, हा असतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधणारी एक मोठी साधनसामग्री आपल्या महाराष्ट्रातच आहे. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण हायड्रोजनचे २१ सेंटिमीटर लांबीचे तरंग टिपू शकते. आर्प २०२ या जोडीच्या शेपटीतील वायूचा, आणि त्या शेपटीच्या टोकाशी तयार झालेल्या लहानशा दीर्घिकेचा, तिच्या साहाय्याने केलेला अभ्यास चंद्रेयी सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. शेपट्या हा केवळ पसारा नसून तिथेही जन्म होऊ शकतो, हे अशा निरीक्षणांतून कळते.

दुसरे साधन अवकाशात आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीच्या उभारणीत बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर पुण्याच्या आयुकाचाही वाटा होता. कोशी जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी तिच्यातून एनजीसी ७२५२ ही कुंभ राशीतील दीर्घिका पाहून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. इथे भेट संपून दोन्हींची एक दीर्घिका झालेली आहे. तरीही तिच्या गाभ्याभोवती तरुण ताऱ्यांचे निळे कडे आहे. याच दीर्घिकेत डब्ल्यू ३ नावाचा एक गुच्छ आहे, त्याचे वस्तुमान सुमारे आठ कोटी सूर्यांएवढे! अँटेना शेजारी हे उदाहरण ठेवले की घटनेची पुढची पायरी दिसते.

अँटेनाच्या चित्राखाली ‘आपल्या आकाशगंगेचे भविष्य’ असेही लिहिलेले असते. २०१२ मधील मापनांनंतर सुमारे चार अब्ज वर्षांनी देवयानी आपल्याला भिडणार हे ठरल्यासारखेच मानले जात होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या विश्लेषणात मात्र पुढच्या दहा अब्ज वर्षांत तसे घडण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास निघाली. त्यामुळे ‘होणार’च्या जागी ‘होऊ शकेल’ लिहावे. शिवाय वायूचे प्रमाण आज आहे तेवढेच तेव्हाही असेल असे धरून चालू नये.

वर्गासाठी

मग हे छायाचित्र भिंतीवरून उतरवावे काय? आम्ही तसे मुळीच म्हणणार नाही. त्याच्या शेजारी आणखी तीन गोष्टी लावाव्यात : शेपट्यांसह पूर्ण जोडीचे चित्र, अल्माचे थंड वायूचे चित्र, आणि एक किलोमीटरपट्टीऐवजी ‘ओलांडायला दहा कोटी वर्षे’ असे लिहिलेली काळाची पट्टी.

ज्या शाळेत दोन उत्साही विद्यार्थी आणि एक गॅल्व्हनोमीटर आहे, तिथे आणखी एक गोष्ट करता येईल. १९४१ मध्ये स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी संगणक नसताना दोन दीर्घिकांची भेट दिव्यांनी करून पाहिली. प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ दिवे. प्रकाशाची तीव्रता आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतात. म्हणून एका दिव्याच्या जागी प्रकाशविद्युत घट ठेवून बाकीच्या दिव्यांचा प्रकाश मोजला की त्या ‘ताऱ्या’वरची ओढ कळते. त्यानुसार दिवा थोडा सरकवायचा आणि पुन्हा मोजायचे. ३७ नाही तरी चार-चार दिव्यांवर आठवडाभरात हा प्रयोग होऊ शकेल. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पाठाला याहून चांगली जोड कोणती?

आणि चित्रापुढे मुलांना उभे केले, की ‘सुंदर आहे ना?’ हा प्रश्न नंतर विचारावा. आधी प्रत्येकाला एक टाचणी द्यावी आणि नवे तारे कोठे सर्वाधिक जन्मत असतील तिथे ती टोचायला सांगावे. बहुतेक टाचण्या निळ्या ठिपक्यांवर बसतील. त्यानंतर अवरक्त आणि अल्माची चित्रे उघडावीत आणि टाचण्या तपकिरी पट्ट्यात हलवू द्याव्यात. ज्या विद्यार्थ्याने आपली टाचणी एकदा कारणासह हलवली, त्याला छायाचित्र वाचता येऊ लागले असे समजायला हरकत नाही.